उंबऱ्याआतली जागा

प्रिय अक्का,

नायगावला नीट पोचलीस ना? दवाखान्यात चार दिवस आईच्या उशाशी बसलीस आणि मातीनंतर चहाही न घेता एसटीत चढलीस. "आई मरस्तोवर माझ्याकडं बघितली न्हाई," एवढंच बोललीस.

भूकंपात तू दहा वर्षांची होतीस. दोन वर्षांच्या मला काखेत मारून बाहेर आलीस आणि आपली मधली, पाच वर्षांची महामाया ढिगाऱ्याखाली राहिली. नंतर आईनं तिचं नाव कधी काढलं नाही आणि ती तुझ्या तोंडाकडे बघून कधी बोलली नाही. हे बघतच मी वाढलो आणि गप्प बसलो. त्याची आता लाज वाटते.

तू विचारायचीस, लातुरात क्लासवाल्यांकडे मी करतो तरी काय. अगं, मास्तरकीच. खालच्या मजल्यावर पोरं डॉक्टर व्हायला घोकतात आणि वर मी संगणकातल्या एका प्रोग्रामला कुठे बघायचं ते शिकवतो. त्याला एका वेळी फोटोचा रुपयाएवढाच तुकडा दिसतो. पुढे नजर कुठे न्यायची, ते त्यानंच ठरवायचं. घराच्या फोटोत तांब्या लवकर सापडला की गुण मिळतात, उगाच भटकला की कापले जातात. आधी तो माणसांची नजर बघून शिकतो. म्हणून दिवाळीत आईला असल्या फोटोंत तांब्या शोधायला पडद्यासमोर बसवलं होतं. वरचा कॅमेरा तिचे डोळे टिपत होता.

मग त्या प्रोग्रामला खोड लागली. कुठल्याही घरात तो आधी उंबऱ्याच्या आतली रिकामी जमीन बघायचा. खोड आईची होती. तिथं काय हाय म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, "झाडलंय का बगते." मी हसलो होतो. परवा ज्ञानोबाकाका म्हणाले, महामायाची झोपायची वाकळ तिथंच अंथरलेली असायची. ऐकून मला रडू आवरलं नाही.

काल आईचं सगळं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्यात आपल्या घराचाही एक फोटो आहे. दारात तू उभी, मागे फळीवर लख्ख तांब्या. तुझ्यासमोर तिची मान वर का होत नव्हती, राग होता की शरम, ते आता कोण सांगणार? पण हे तुला दाखवायला रविवारी नायगावला येतोय. आईला बाकी सगळ्या फोटोंत तांब्या सापडला, अक्का. या एकात सापडला नाही. वेळ संपेपर्यंत ती तुझ्याच तोंडाकडे बघत होती.

तुझ्या काखेतला, तुझाच,
प्रीतम