भाऊजींनी पिसून ठेवलेला डेक

प्रिय भाऊजी,

तुमच्या फोटोसमोर उभं राहून बोलणं मला जमत नाही. आई रोज बोलतात, भाजी कोणती केली तेसुद्धा सांगतात. मी हार सरळ करते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. म्हणून लिहायला बसले. आजच बसले, कारण संध्याकाळी सिद्धार्थ आणि ऋतुजा येणार आहेत आणि त्याआधी मला ठरवायचं आहे, तुमचा पत्त्यांचा डेक तोडायचा की नाही.

ऋतुजा तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर आली ती. इथेच नंदनवन भागात औषधाच्या दुकानात कामाला आहे. तुमचा शाळेपासूनचा दोस्त सिद्धार्थ वडिलांच्या गोळ्या आणायला गेला, त्याला तिच्या मोबाइलच्या कव्हरवर कुठल्यातरी अ‍ॅनिमेतली निळ्या केसांची जपानी कार्टूनची पोरगी दिसली, मग काय विचारता. महिन्याभरात पोरगी आपल्या हॉलमध्ये पत्ते मांडून बसली. येत्या रविवारी तिची पहिली स्पर्धा आहे.

मला या नादाला तुम्हीच लावलं हे विसरू नका. मी लग्न होऊन आले तेव्हा, घरात एवढा मोठा दीर जपानी कार्टूनचे पत्ते खेळतो, हे मी रामटेकला माहेरी फोन करून सांगितलं होतं, आणि आम्ही दोघी बहिणी पोट धरून हसलो होतो. आठ दिवसांत तुम्ही मलाच धरलं. "वहिनी, बसा नं. समोर कोणी नसलं तं डेक चालते का नाही, कसं समजन?" मी म्हटलं, कणीक मळायची आहे. तुम्ही म्हणालात, "मळा तुम्ही. मी दोघांचेही पत्ते लावून ठेवतो." आणि खरंच लावून बसलात. हात धुतल्यावर मी कुठे पळणार होते?

पत्ते विकणाऱ्या दुकानातली पोरं बंद पाकिटं विकत घेऊन फोडत बसायची, आत काय निघतं म्हणून. तुम्हाला त्याचा भारी राग. "हा जुगार हाय वहिनी. आपल्याले पाहिजे तो पत्ता पाहाचा आन् तोच सुटा घ्याचा." एकदा मी राजकन्येच्या एका चमचमणाऱ्या पत्त्यावर भाळले. त्याच राजकन्येचा साधा पत्ता शेजारीच पडला होता. तुम्ही तोंड वाकडं केलं. "चमकी काहून पाहून राहिल्या? काम दोघींचंही एकच हाय." साडीच्या दुकानात मी हेच वाक्य तुमच्या दादांना ऐकवते हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

किती सोपं करून सांगायचात तुम्ही! महागडा पत्ता दोन-तीन कामं करतो, आपल्या डेकला त्यातलं एकच लागतं, मग तेवढं एक काम करणारा साधा पत्ता शोधायचा. डेकमध्ये चार गोष्टींची हौस करायची नाही. जोरात धावून जायचं तर सगळ्यांनी धावायचं, दम धरायचा तर सगळ्यांनी धरायचा. हे ऐकताना माझ्या हातात मेथीची जुडी असायची आणि अर्ध्या काड्या पानांत जायच्या. आई कुरकुर करायच्या, पण तुमच्यावर कधी ओरडल्या नाहीत, माझ्यावरच ओरडल्या.

सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे ती पेटी. कळमन्याच्या बाजारात फळांच्या गाळ्यावर तुम्ही कामाला होतात, तिथून आणलेली संत्र्याची पेटी, आत पुठ्ठ्याचे कप्पे. तुम्ही, सिद्धार्थ आणि मी, तिघांचे मिळून सगळे पत्ते त्यात. स्पर्धा झाली की ज्यानं त्यानं आपला डेक आपल्या हातानं तोडायचा, पत्ते सुटे करून पेटीत टाकायचे. पुढचा डेक पुन्हा पेटीतूनच. माझा पहिला जिंकलेला डेक तोडायला सांगितला तेव्हा मी रुसले होते, आठवतं? दोन दिवस तुम्हाला चहा नाही दिला. तुम्ही स्वतः करून प्यायलात, मलाही आणून दिला, आणि म्हणालात, "एक नाही तोडला तं दुसरा बनन कसा?"

त्या पेटीत महागडं म्हणावं असं एकच होतं, आपले चार वॉचमन. खरं नाव काहीतरी लांबलचक जपानी आहे, पण गेटजवळ काठी घेऊन बसलेला तो मिशाळ योद्धा आपल्या कॉलनीच्या वॉचमनसारखा दिसतो म्हणून मी ते नाव ठेवलं. फरक एवढाच की हा जागा असतो. समोरच्याचा कसलाही हल्ला आला तरी आडवा येतो. ज्याची स्पर्धा, त्याच्या डेकमध्ये वॉचमन, असा आपला कायदा. बाकी स्वस्तातला डेक त्यांच्या जिवावर तग धरायचा.

आणि डेक तोडायचा कायदा करणारे तुम्ही, स्वतःचा तसाच ठेवून गेलात. हे बरं केलं का?

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो तुम्ही नुकताच पूर्ण केला होता. चारही वॉचमन त्यात. जेवण झाल्यावर दिवाणावर बसून मन लावून पिसलात, डब्यात घातलात आणि फ्रिजवर ठेवलात. "उद्या पहिला डाव तुमच्यासंग, वहिनी. तयार राहा." सकाळी कळमन्याला गेलात. गाळ्यावरच छातीत कळ आली. दवाखान्यात आम्ही पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

तुमचे कपडे देऊन टाकले, गाडी विकली, मी एका शब्दानं अडवलं नाही. या डब्यावर मात्र मी अडून बसले. वॉचमनसाठी नाही हो. आतले पत्ते तुमच्या हातांनी लावल्यासारखे आहेत. वरचा कोणता, खालचा कोणता, हे तुमच्या पिसण्यानं ठरलेलं आहे. दुसऱ्या कोणी एकदा पिसले की ते गेलं, मग ते नुसते पत्ते. सिद्धार्थला हे न सांगता कळलं. तो डब्याकडे बघतसुद्धा नाही.

ऋतुजानं वॉचमनशिवाय डेक बांधला आहे. चांगला बांधला, तुम्ही पाठ थोपटली असती. पण सरावात रोज मार खाते. काल हरली आणि पत्ते गोळा करता करता म्हणाली, "काही नाही होत वहिनी, रविवारी हरून येऊ." तक्रार नाही, काही नाही. रात्रभर तेच डोक्यात. तुम्ही असता तर मला काय म्हणाला असता? "अंडे उबवून राहिल्या का वहिनी त्या डब्यावर बसून?" हेच ना?

बेल वाजली. ते आले वाटतं. बाकीचं मग लिहिते.

आता सकाळ आहे, आई देवळात गेल्या आहेत. काल काय झालं ते सांगते.

मी डबा खाली काढला. म्हटलं, आज हा तोडायचा आहे, पण आमचा ठरलेला डाव आधी होईल, आणि पत्ते कोणी पिसायचे नाहीत. माझा डेक घेऊन मी बसले. तुमच्या बाजूनं कोणीतरी बसायला हवं होतं. सिद्धार्थनं हात पुढे केला आणि मागे घेतला. तेवढ्यात तुमचे दादा सोफ्यावरून उठले. इतकी वर्षं याला पोरखेळ म्हणणारा माणूस, आपण खेळायला बसलो की बातम्यांचा आवाज वाढवणारा. टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर येऊन मांडी घातली. "मी धरतो," म्हणाले. सिद्धार्थ त्यांच्या शेजारी बसला, सांगायला.

वरचे पाच पत्ते त्यांनी उचलले आणि सिद्धार्थचं तोंड उतरलं. पाचही जड, शेवटी शेवटी कामाला येणारे. सुरुवातीला टाकायला एक बारका पत्ता नाही. काय पिसलं होतं हो तुम्ही?

"दादा, हात बदलून घ्या," सिद्धार्थ म्हणाला. "एकदा चालते. हे वापस ठेवाचे, पिसाचे, नवे पाच घ्याचे."

"पिसा लागते?"

"हाव."

ह्यांनी पाचही पत्ते हातात पुन्हा नीट धरले. "मंग राहू दे. त्यानं पिसलं तसंच खेळतो."

मला वाटलं, जरा सांभाळून खेळावं. मग वाटलं, तुम्हाला ते मुळीच चाललं नसतं. मी नेहमीसारखीच खेळले. हे दर वेळी वरचा एक पत्ता उचलायचे, सिद्धार्थकडून वाचून घ्यायचे आणि जपून खाली ठेवायचे. एकही वॉचमन आला नाही. माझे हल्ले सरळ आत गेले.

"आता काय करू?" ह्यांनी विचारलं.

"आता काही नाही दादा. हरलो आपण. संपलं."

"एवढ्या लवकर?"

ह्यांनी हातातले पत्ते एकसारखे केले, पालथे ठेवले, आणि मग हे रडले. तुम्ही गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा. आई आतून आल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. इतक्या डावांत मी तुम्हाला कधी हरवलं नव्हतं भाऊजी. काल हरवलं, आणि मलाही रडू आलं.

थोड्या वेळानं ह्यांनीच उरलेली गड्डी उलटी केली. चारही वॉचमन तळाशी होते, एकाखाली एक. सिद्धार्थला दाखवून विचारलं, "हेच का?" मग ते ऋतुजाच्या हातात दिले. "घे वं. लवकर नको हरू."

बाकीचे पत्ते मी एकेक करून पेटीत, ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवले. सावकाश ठेवले, कोणी घाई केली नाही.

आज सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "त्या पेटीतून डेक बनवाचा म्हणजे काय काय लागते?" मी त्यांचा कप पुन्हा भरला.

तर भाऊजी, शब्द देते. तुमच्या दादांना मी पेटीपुढे बसवीन. तुमच्याइतका धीर माझ्यात नाही, दोनदा तरी ओरडेन. पण त्यांचा डेक त्यांच्याच हातानं बांधून घेईन, आणि तो कितीही आवडला तरी त्यांच्याच हातानं तोडायला लावीन.

तुमची,
वहिनी