श्पेटबुर्गुंडरबरोबर काय वाढायचं

प्रिय विद्यू,

आमच्या अल मनखूलच्या घरात ओट्याशी उभ्या राहून आपण दोघी वाइनमध्ये साखर ढवळत होतो, ती संध्याकाळ आज सकाळपासून डोळ्यांपुढे आहे. माझा मार्क आणि तुझा कुणाल बाहेर कॅरमवर भांडत होते. आमच्या सिरिलने आदल्या दिवशी त्याच्या हॉटेलातून एक जर्मन रेड वाइन आणली होती. आमच्या वसईला नाताळची घरची वाइन चांगली गोड असते. ही जिभेवर पडताच मला वाटलं, नासली. टाकून कशाला द्यायची म्हणून तू साखरेचा डबा पुढे केलास, मी दालचिनी टाकली, आणि पन्ह्याची चव जमवावी तशी आपण तिची चव जमवत बसलो. सिरिल ड्यूटीवरून आला, पातेल्यात डोकावला आणि मटकन खुर्चीत बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने आपली शिकवणीच घेतली. त्या वाइनचं श्पेटबुर्गुंडर हे नाव म्हणताना मी इतकी अडखळले की आमच्या शाळेतल्या सिस्टर असत्या तर कोपऱ्यात उभं केलं असतं. ही कोरडी असते, तोच तिचा गुण. फार गार नको, आपल्या खोलीसारखी कोमटही नको. बदक, डुकराचं रोस्ट, मशरूम यांच्याबरोबर ती खुलते. मिरचीशी तिचं जमत नाही. माझ्या डुकराच्या झणझणीत इंदेलला तो या वाइनजवळ फिरकूही देईना. तुझ्या भरल्या वांग्यांना अर्धेच गुण दिले, तर तू फणकारलीस, 'सिरिलभाऊ, तुमच्या वाइनला सांगा, आमच्याकडे असंच असतं!'

तू पुण्याला गेल्यावर आम्ही उम्म अल कुवैनला आलो. गॅलरीतून खाडी दिसते. लेक टेसा जवळच राहते, रोज येते, मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. फोनवर मी तुला सांगत आले की सिरिलचा घसा बसलाय. तसं नाही गं. त्याच्या जिभेला कॅन्सर आहे. मंगळवारी ऑपरेशन आहे, बराच भाग काढणार. बोलणं शिकवता येईल म्हणतात; चवीचं विचारलं की डॉक्टर कागद चाळतात. ज्या माणसाने जन्मभर लोकांना कशाबरोबर काय खावं ते सांगितलं, तो हल्ली पेजेचा घाससुद्धा तोंडात धरून ठेवतो. मी बघते आणि काहीतरी काम काढून आत जाते.

रविवारी दुपारी दोन घोट घ्यायला डॉक्टरांनी हो म्हटलं आहे. मी बदक आणायला निघाले, तर त्याने पिशवी काढून घेतली. म्हणाला, 'बदक मी गिऱ्हाइकांना सांगायचो, ॲडेलिन. मला विद्यूचं थालीपीठ पाहिजे.' तुला आठवतं का, एकदा घरात दुसरं काही नव्हतं म्हणून तू याच वाइनबरोबर थालीपीठ आणि लोणी वाढलं होतंस? त्या दिवशी तो गुण द्यायचं विसरला आणि तूही मागितले नाहीस. इथे दुकानात भाजणी मिळते, पण ती तुझी नाही. म्हणून हे पत्र. कुणाल उद्या ते घेऊन पुण्याला येतोय, शनिवारी परत इकडे निघेल. त्याच्याबरोबर भाजणी पाठव. तिखट अजिबात घालू नकोस, सिरिलचं तोंड सोललंय. त्याने त्याच वाइनच्या जपलेल्या चार बाटल्यांपैकी एक कुणालजवळ दिली आहे, ती तुझी. रविवारी तूही उघड. एक मार्कला, त्याच्या बायकोला बदक छान जमतं. एक टेसाला, ती मांस खात नाही, तिने मशरूम करावेत. शेजारचा हमदुल्ला पीत नाही, रोज सिरिलला फिरायला नेतो. त्याला मी मैद्याचे गरम, गोल फुगे तळून देणार आहे. चौथी आमच्या टेबलावर. सिरिलचा बाटलीचा ओपनर मार्कने मागितला होता. तो मी दिलेला नाही, आणि इतक्यात कुणाला द्यायचाही नाही.

तुझीच,
ॲडेलिन