'मले' आणि 'मला'

आई, तुझ्या शेजारच्या टेबलावरची काकू आज माझं वकिलीचं ऑफिस सोडून गेली. कोर्टाबाहेरच्या टिनाच्या शेडमध्ये तुम्ही दोघी खांद्याला खांदा लावून टाइपरायटर बडवायच्या, तिथे आता एक झेरॉक्सवाला तेवढा उरला आहे. अर्ज ऑनलाइन दाखल होतात, मसुदे वकील स्वतःच करतात. तू गेल्यावर शेड ओस पडत चाललं तेव्हा मी काकूला माझ्याकडे आणलं, कॉम्प्युटर शिकवला. मला वाटलं, चला, एक तरी वाचली.

आंजी, गिरड अशा एखाद्या खेड्यातली कुणी बाई तुझ्यासमोर स्टुलावर बसायची, 'मले नवऱ्यानं हाकललं' म्हणायची, आणि तुझी बोटं न अडखळता 'मला' उमटवायची. मी शाळा सुटली की तुझ्या पायाशी बसून डबा खायचे. एकदा एका आजोबांच्या बोलण्यावर मी फिस्सकन हसले. तू टायपिंग थांबवलंस. "हासून काऊन राह्यली? ते आपलं दुख सांगून राह्यले. तुह्या घरी काय विंग्रजी बोलतेत?" संध्याकाळी चुलीपुढे भाकर थापतानाही तू माझ्याकडे पाठच केलीस. तो अबोला मला माराहून जास्त लागला. तेव्हापासून पक्षकारासमोर मी हसले नव्हते, यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत.

खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या, केससाठी एक बाई आली होती. माझ्या ज्युनिअरने तिच्यापुढे फोन धरला. हल्ली बोललं की फोन आपोआप लिहितो. बाई म्हणाली, "मले नवऱ्यानं घराबाहेर काढलं." फोनने लिहिलं, 'मेले नवऱ्यानं घराबाहेर काढलं.' ज्युनिअर खो खो हसत सुटली, आणि आई, मीही हसले. "काय झालं जी?" बाई आमच्या तोंडाकडे बघत राहिली. कोपऱ्यातून उठून काकूने फोनमध्ये डोकावलं आणि म्हणाली, "जित्ती हाय ना ते, दिसून नाई राह्यली काय तुमाले?" तेवढ्यात ज्युनिअरने बोटाने तो शब्द दुरुस्त केलासुद्धा.

फोनच्या अशा चुकांमुळे काकूचं टायपिंगचं काम टिकेल अशी एक वेडी आशा मला होती. पण पाऊस संपेस्तोवर फोन आपली बोली शिकला. कुणी 'मले' म्हटलं की तो बिनचूक 'मला' लिहायला लागला, अगदी तुझ्यासारखा. काकू रोज वेळेवर यायची, लावलेल्या फायली पुन्हा लावायची, कीबोर्डवरचा फडका दिवसातून कितीदा झटकायची. मी रोज सकाळी ठरवायचे की काम उरलं नाही हे तिला आज सांगायचं, मग चहा यायचा आणि राहून जायचं. ज्युनिअरचंही काही खरं नाही. मशीनने लिहिलेले करार तपासायला नागपूरच्या एका कंपनीला माणसं हवी आहेत, तिथे तिने अर्ज केला आहे.

आज दुपारी काकूनेच विषय काढला. "उद्यापासून मी येत नाई व बाई. पोरींच्या होस्टेलात मेसवर लागली."

"काऊन हो काकू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पोया लाटाले बोटं चालतेत अजून." मग डबा पिशवीत टाकत म्हणाली, "तुले सांगता येत नोतं, मी पाहून राह्यली होती. मंग म्याच सांगतलं." तिने माझ्या काळ्या कोटाची कॉलर सरळ केली. मी सनद घेतली तेव्हा माझा पहिला कोट तुम्ही दोघींनी मिळून शिवून घेतला होता, त्या दिवशीही तिने अशीच कॉलर नीट केली होती. डब्याची पिशवी उचलून ती पायऱ्या उतरली. मला तिच्याबरोबर खालपर्यंतही जाववलं नाही.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते आहे. ती गेल्यावर मी दार लावून रडले, पण रडण्याच्या आधी मला हलकं वाटलं, आई. तू असतीस तर तिच्या शेजारी तुझीही खुर्ची असती, आणि तुझ्यासाठीही माझ्याकडे काम नसतं. इतकी वर्षं मी तू नाहीस म्हणून रडत आले. आज पहिल्यांदा, तू नाहीस याचं मला बरं वाटलं.