डावीची दुरुस्ती

१० फेब्रुवारी
सगळं बदललं ते आज दुपारी, दुकानात प्रिंट काढायला येणारी पूर्वी मला ‘यू आर ग्रँड’ म्हणाली त्या क्षणी.
तिची मोठी फाइल आमच्या प्रिंटच्या दुकानापासून डब्लिनच्या लोकलच्या, म्हणजे डार्टच्या स्टेशनपर्यंत उचलून देतो म्हटलं, तर म्हणाली, आह नो, यू आर ग्रँड. इथे ‘राहू दे, नको’ म्हणायलाही हेच म्हणतात, मला माहितेय, मी काही काल आलेलो नाही. पण टोन नावाची गोष्ट असते. ‘यू’वर जोर होता.
ठराव : आजपासून कोणावर चिडायचं नाही. प्रेमात माणूस शांत दिसला पाहिजे.

११ फेब्रुवारी
यामिनी वहिनीला सांगितलं. दादावहिनीच्या घरात फुकट राहायचं म्हणजे मधूनमधून काहीतरी सांगावं लागतं. वहिनी म्हणाली, अरे, आपल्या भागातला, क्लोनडॉकिनचा बसवाला मलाही रोज ग्रँड म्हणतो, आमचं जुळवतोस का?
चिडलो. ठराव उद्यापासून.

१५ फेब्रुवारी
बाबांचा आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाहून, स्लायगोहून फोन. तिकडे पाऊस आहे, आणि कॉलेजचं काय? कॉलेज मी सोडलेलं नाही. कॉलेजचा आणि माझा वेग जुळला नाही, इतकंच. बाबा म्हणाले, हॉस्पिटलमध्ये सगळे विचारतात, डॉक्टर, मुलगा काय करतो? म्हटलं, सांगा, व्हिज्युअल मीडियात आहे.
मग दुपारभर एका शाळेच्या सूचना झेरॉक्स केल्या. पिवळ्या कागदावर.

१९ फेब्रुवारी
पूर्वीने प्रोजेक्ट समजावून सांगितला. आर्ट कॉलेजमधल्या तीन मुली मिळून प्रदर्शन करतायत. विषय : आपण कोण, आणि आपल्याला कोण कसं दाखवतं. सगळं इंग्रजीत सांगितलं. पूर्वी इथेच जन्मली, मराठी समजतं, बोलत नाही.
तिची अलकनंदाआत्या नागपूरहून आली की पाहुण्यांना सांगायची, आमची पूर्वी रंगाने जरा डावी आहे, पण नाकीडोळी नीटस. पूर्वीला वाटलं, डावी म्हणजे डावखुरी. बिचारी मग डाव्या हाताने जेवायला लागली, आणि त्यावरून आत्याचाच ओरडा खायची. रंगाने डावी म्हणजे सावळी, हा अर्थ कळला तेव्हा ती मोठी झाली होती.
तर आता ती स्वतःचे मोठे फोटो घेऊन त्यांच्यावर डाव्या हाताने रेघा काढते. मालिकेचं नाव ‘डावी’.
मी म्हटलं, पण तू काही इतकी डावी नाहीयेस.
ती माझ्याकडे बघतच राहिली. इतका वेळ तिने माझ्याकडे कधीच बघितलेलं नाही.

२४ फेब्रुवारी
पूर्वीबरोबर तिची प्रदर्शनातली मैत्रीण टेमी दुकानात आली. आईवडील नायजेरियाचे, ही पक्की डब्लिनची. हिचं काम म्हणजे पासपोर्ट फोटोच्या मशीनमध्ये बसून काढलेले फोटो. मशीन हिला दर वेळी सांगायचं, चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, सिंपल आहे, लायटिंगचा प्रॉब्लेम. टेमी म्हणाली, हो का, बावीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही बघ.
कौतुक करायची पद्धत कोरडी आहे तिची.
जाताना पूर्वीला माझ्याबद्दल काहीतरी विचारलं, त्यात ‘युअर मॅन’ हे शब्द स्पष्ट ऐकू आले. इथे त्याचा अर्थ ‘तो गडी’ एवढाच होतो. तरी पूर्वीने नाही म्हटलं नाही, हे महत्त्वाचं.

२८ फेब्रुवारी
आज तिच्यासाठी लढलो. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकबाईने पूर्वीला विचारलं, तू कुठली? ती म्हणाली, क्लोनडॉकिन, इथेच डब्लिनमध्ये. बाई म्हणाल्या, नाही गं, खरी कुठली? माझं डोकंच फिरलं. काउंटरवरून ओरडलो, मॅडम, ती नागपूरची आहे, आणि तिला त्याचा अभिमान आहे.
बाई घाबरून कागद तिथेच ठेवून गेल्या. बॉसने आत बोलावलं. बाहेर आलो तर पूर्वी म्हणाली, मी क्लोनडॉकिनचीच आहे.
किती नम्र.

४ मार्च
तिच्या फाइल्स प्रिंटला आल्या. सगळ्यात मोठं चित्र माझ्याकडेच. नीट पाहिलं. रेघा वाकड्या, डाव्या हाताने दुसरं काय होणार. सरळ केल्या. मग चेहरा. जरा उजेड टाकला. मग अजून जरा. गव्हाळ झाली, निमगोरी झाली. तिथे कोणीही थांबला असता. पण अर्ध्यावर सोडणारा मी नव्हे.
(कॉलेजचा विषय वेगळा.)
प्रिंट बाहेर आली ती दोन्ही हातांनी अलगद धरली. हे तिला माझ्याकडून. प्रेम म्हणजे आणखी काय असतं.

५ मार्च
तिने पाहिलं आणि खुर्चीवर बसलीच. कोणी सांगितलं होतं, म्हणाली. म्हटलं, कोणी नाही, मनानेच केलं. तर इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी शेवटी नुसतं पाणीच होतं, पण आनंदात तसं होतं माणसाला.
मूळ चित्रही छाप म्हणाली, आणि हे फेकू नकोस, हेही लावणार. भिंतीवर माझं नाव येणार!
वहिनीला फोनवर दोन्ही दाखवली. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, राजसभाऊजी, शनिवारी प्रदर्शनाला जाऊ नका. एरवी अरेतुरे करते, आज भाऊजी. म्हणजे मत्सर.

७ मार्च
उद्या पूर्वीला मनातलं सांगणार. दादाचा ब्लेझर प्रेसमधून काढून ठेवलाय. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, म्हणून वहिनीने बजावलं, इस्त्री झाली असं समजू नका. पूर्वीने हो म्हटलं तर सप्टेंबरमध्ये कॉलेजात परत जाईन. बाबांनाही काहीतरी मिळायला हवं. नाही म्हणायचा प्रश्न नाही, म्हणून त्याची तयारी केलेली नाही.

८ मार्च
समुद्राजवळचं एक बंद पडलेलं दुकान, तिथे प्रदर्शन. सगळ्यात जास्त गर्दी माझ्या चित्रापुढे. लोक हसत होते, फोटो काढत होते. दोन पूर्वी शेजारी शेजारी. तिच्या चित्राखाली ‘डावी’. माझ्या चित्राखाली, इंग्रजीत आणि मराठीत : ‘डावी (दुरुस्त). दुरुस्ती : राजस. कोणी सांगितलं नव्हतं.’
नाव बरोबर लिहिलं होतं. त्याच्या नादात पुढचं वाक्य उशिरा वाचलं.
पूर्वीला गाठलं. डोकं तापलं होतं. म्हटलं, मी हे प्रेमाने केलं, आणि तू मला लोकांना हसायला भिंतीवर लावलंस?
ती म्हणाली, आत्यापण प्रेमानेच म्हणायची.
मराठीत. माझ्याशी पहिल्यांदाच. मग थांबत थांबत म्हणाली, तू म्हणतो मी आवडते. पण तुला ती आवडते. आणि उजळ चित्राकडे बोट दाखवलं.
मी समजावायला तोंड उघडलं. तेवढ्यात नागपूरहून मुद्दाम आलेल्या अलकनंदाआत्या पोचल्या, सगळी भिंत सोडून थेट माझ्या चित्रापाशी. म्हणाल्या, हा फोटो कोणी केला रे? तू? किती गोड आलाय. मला एक कॉपी दे बाई, ग्लॉसीमध्ये. पूर्वीच्या बायोडेटाला लावते. बॉस्टनचं स्थळ आहे, मुलगा फार चांगला आहे.
टेमीने पूर्वीला अर्थ विचारला. पूर्वीने सांगितला. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.
मी निघालो. दाराशी जरा रेंगाळलो. कोणीतरी हाक मारेल असं वाटलं, आणि मारलीच. आत्यांनी. म्हणाल्या, राजस, दार नीट लाव रे, वारं आत येतंय.
बाहेर पडलो. दार नीट लावलं.