चिमी रडत नाही

वालूर, ११ जानेवारी १९५१
समोरची पिठाची गिरणी आज सुरू झाली. शाळेला निघालो होतो, तेवढ्यात इंजनचा पहिला भडाका. मग पुक-पुक, पुक-पुक. भिंतीची माती झडली. बाया ज्वारीच्या दुरड्या घेऊन आधीच रांगेत.
चिमी दिसेना. यमुना घरभर हाका मारत फिरली. शेवटी कणगीच्या मागं सापडली. उकिडवी बसलेली, स्वतःचा हात तोंडावर घट्ट दाबलेला, डोळे टक्क उघडे. उचलली तर लाकडासारखी ताठ. रडणं नाही, हुंदका नाही. सव्वादोन वर्षांचं लेकरू.
शेजारीण म्हणाली, "शहाणी हाय पोर. रडत न्हाई."
मलाही ऐकून बरं वाटलं.

१६ जानेवारी
संक्रांत झाली. तिळगुळाला चिमीनं हात लावला नाही. इंजन सकाळपासून दुपारपर्यंत, परत चार वाजल्यापासून. चालू असलं की घास गिळत नाही, गालात धरून बसते. नुसतं इंजनच नाही. परवा पितळी हातातून निसटली तरी तेच. दवंडीवाल्याचा डफ वाजला तरी तेच. हात तोंडावर.
अक्काच्या मांडीवरच काय खाईल तेवढं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. रझाकारांच्या गडबडीच्या सालापासून आमच्याकडं आहे. नवरा त्याच्या आधीच वारला, पाच महिन्यांचा राम त्या भादव्यात तापानं गेला. आल्यापासून चार शब्दांवर पाचवा बोलत नाही. यमुना शेतात, मी शाळेत. दिवसभर चिमीला तीच बघते. तिच्याशिवाय आमचं चाललं नसतं.
गिरणी दारात आली तरी अक्का पहाटे जात्यावरच दळते. म्हटलं, कशाला हाल करतेस? "असू दे," म्हणाली.

२१ जानेवारी
गंडा बांधून आणला. मीठमोहऱ्या ओवाळल्या. शाळेत पोरांना सांगतो असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, आणि घरी येऊन—
फरक नाही. बरगड्या दिसायला लागल्या.

२७ जानेवारी
रजा टाकली. बैलगाडीनं सेलूला डॉक्टरकडे. मी, यमुना, चिमी. स्टेशनाजवळून जाताना मालगाडीची शिटी झाली. चिमीनं यमुनाचं लुगडं ओलं केलं, पण तोंडातून आवाज नाही.
डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला. "कान चांगले आहेत. भ्यालेली आहे. घरात आवाजाला आणखी कोण भितं?"
मी म्हणालो, कोणी नाही.
 येताना अर्ध्या वाटेत यमुना म्हणाली, "लेकरू रडलं तर आईला कळतं तरी. हिचं मला काई कळंना."

३ फेब्रुवारी
गिरणीवरच्या रहीमभाईंना भेटलो. इंजन तेच चालवतात. वाटलं होतं चिडतील, धंद्याच्या आड येतो म्हणून. स्टूल पुढं केलं. "मास्तर, बच्ची कू पहले बंद इंजन दिखाव. हात लगाने देव. जो चीज देखी नहीं, उसका डर जादा."
जुम्म्याला गिरणी बंद असते. त्या दिवशी घेऊन या म्हणाले. त्यांचा धाकटा भाऊही गडबडीच्याच साली गेला, पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यात. गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
मर्दुमशुमारीचं, म्हणजे जनगणनेचं, काम आम्हा मास्तरांवर. शाळा बंद, आजपासून घरोघर फिरायचं. फॉर्म लावत सकाळी घरीच होतो, म्हणून दिसलं.
वेशीकडून मोटार आली, कर्कश भोंगा वाजवला. अंगणात चिमी खेळत होती. ती वळून बघायच्या आत अक्का आली. झडपच घातली तिनं. पोर छातीशी, तळहात पोरीच्या तोंडावर, आणि आतल्या खोलीत अंधारात. मी मागोमाग गेलो. भिंतीला टेकून बसली होती. चिमीच्या गालात तिची बोटं रुतलेली. मोटार निघून गेली तरी हात काढेना.
म्हटलं, "अक्का. अक्का, सोड तिला."
माझ्याकडं पाहिलं ते ओळख नसल्यासारखं. मग हात सोडला. चिमीच्या गालावर चार बोटांचे पांढरे वळ.
हे रोज किती वेळा होत असेल? गिरणी तर महिनाभराची. त्याच्या आधी दोन वर्षं—
डॉक्टरांना मी कोणी नाही म्हणालो होतो.
रहीमभाईंकडं न्यायचं राहिलं.

११ फेब्रुवारी
सकाळी स्वतःच्या घराची शुमारी लिहिली. मी, यमुना, चिमी, अक्का. यमुना शेतात गेलेली. अक्का चुलीशी होती, तिथूनच विचारलं, "नारू, गेलेली लेकरं लिहीत न्हाईत का रे?"
"नाही. हयात तेवढीच."
"मग राम्याचं नाव कुठंच ऱ्हात न्हाई."
मी लेखणी ठेवली. कसं कोण जाणे, विचारलं, तो तापानंच गेला ना?
ती भाकरी थापत राहिली. तव्यावर टाकली, उलटली. मग सांगितलं, तव्याकडे बघत.
"आमी आठ-नऊ बाया ज्वारीत लपलो व्हतो. ज्वारी डोक्याएवढी. बांधावर बंदुका वाजायल्या व्हत्या. राम्या रडाय लागला. एक जण म्हणली, तोंड धर त्याचं, न्हाईतर सगळ्या मरतो. मी धरलं. लय येळ धरलं. आवाज थांबले तवा हात काढला."
भाकरी करपली. तिला कळलं नाही, मला कळूनही हात पुढं झाला नाही.
त्या वेळी मी आणि यमुना सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात होतो, तिच्या मामाकडं. निघताना यमुना म्हणाली होती, वन्संलाबी संगट आणा. मी म्हणालो होतो, तिच्या सासरच्या गावाला काही होत नाही.

१३ फेब्रुवारी
अक्काला नीट समजावलं. चिमी घाबरली तर घाबरू दे, तोंड धरू नको. मान हलवली. "न्हाई धरणार."
यमुनाला सांगितलं नाही. ती अक्काला घरात ठेवणार नाही, ही भीती. आणि मलाच सांगायला तोंड नाही. दोन्ही खरं.

१८ फेब्रुवारी
आज चिमी हातची जात होती.
आमची आळी मोजून होत आली होती. गिरणीचा पट्टा तुटला, फटाका फुटावा तसा आवाज तीन घरं सोडून मला आला. पाठोपाठ शेतातून नुकत्याच आलेल्या यमुनाची किंकाळी. धावलो. यमुना अक्काचा हात दोन्ही हातांनी ओढत होती, सुटत नव्हता. शेवटी मनगटाला चावली. चिमीचे ओठ जांभळे. मान लुळी. उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडावर पाणी. किती वेळ ते सांगता येत नाही. मग श्वास आला. लहानसा, चिरका.
रडली मात्र नाही. श्वास आल्यावर पहिलं काय केलं, तर स्वतःचा हात तोंडावर नेला.
अक्का कोपऱ्यात. मनगटातून रक्त. म्हणत होती, "मला वाटलं थांबले न्हाईत. मला वाटलं अजून थांबले न्हाईत."
मग यमुनाला सगळं सांगितलं. मला सात दिवसांपासून माहीत होतं, हेही सांगितलं.

१९ फेब्रुवारी
यमुना माझ्याशी बोलत नाही. चिमीला पाठीशी बांधून शेतात घेऊन गेली.

२१ फेब्रुवारी
इंजन सुरू व्हायची वेळ झाली की अक्का आतल्या खोलीत जाऊन बसते. दोन्ही हात मांडीखाली दाबून. आज मला हाक मारली. "नारू, दावं हाय का घरात? हात बांध माजे."
मी नाही म्हणालो. ती काही रागानं बोलत नव्हती. पाणी दे म्हणावं तसं.

२३ फेब्रुवारी
यमुना बोलली. "मला वन्संचा राग न्हाई. त्या जागी मी असते तर मीबी धरलं असतं. पण माजी एकच हाय." थोड्या वेळानं, "तुमी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी घरीच ऱ्हायले असते."
 

२६ फेब्रुवारी
अक्का गंगाखेडला गेली, चुलत मावशीकडं. मीच सेलूपर्यंत गाडीनं नेऊन रेल्वेत बसवलं. जा असं कोणी म्हणालं नाही. तिनंच गाठोडं बांधून उंबऱ्यावर ठेवलं होतं, आणि कोणी ते परत आत नेलं नाही.
निघताना यमुना पाया पडली. अक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला नेला आणि मागं घेतला. चिमीला जवळ घेतलं नाही. लांबूनच बघितलं.
फलाटावर म्हणाली, "तिथं गोदावरी हाय. रोज आंघोळ हुईल." मला ते वाक्य आवडलं नाही. मावशीला चिठ्ठी दिली, एकटीला नदीवर सोडू नका.

२ मार्च, शुक्रवार
बंद इंजन चिमीला दाखवलं. कडेवरून उतरेना. रहीमभाईंनी तिच्यासमोर इंजन पुसलं, चाक हातानं हळू फिरवलं. तेलाचं बोट तिच्या हातावर टेकवलं. तिनं वास घेतला. तोंड वाकडं केलं. एवढंच.

९ मार्च
चाकाला हात लावला. यमुनानं घरी नवी सुरुवात केली आहे. पळी ताटलीवर अगदी हळू वाजवायची, मग थोडी जोरात, आणि प्रत्येक वेळी आपणच "आं" करून ओरडायचं. चिमी बघते. हात तोंडाशी गेला की यमुना तो धरून पळी त्या हातात देते. दिवसातून वीसदा. शेतातून दमून येते तरी.
परवा चिमीनं एकदा पळी आपटली. मग स्वतःच दचकली आणि कणगीमागं गेली.

१४ मार्च
"अक्का कुटं?" चिमी दारात उभी राहून विचारते. इंजन चालू झालं की जास्त. तिला धरणारं माणूस तेच होतं. तिच्यापुरतं ते वाचवणंच असेल. आम्ही घरातून काय काढून टाकलं, हे तिला कसं समजावणार?
खाणं परत कमी झालं.

२३ मार्च
धुळवड. सकाळपासून हलगी, डबे, बोंबा. दार लावून बसलो होतो. पोरांची टोळी दाराशीच आली आणि एकानं पत्र्याचा डबा उंबऱ्यावर आपटला.
चिमी ताठ झाली. हात वर आला. यमुनानं धरला नाही, मीही नाही. दोघंही नुसते बघत होतो. हात हनुवटीपाशी थांबला. तोंड उघडलं, आवाज फुटेना, चेहरा लाल, मग एकदम रडली. कधी ऐकलाच नव्हता तिचा असा आवाज. घोगरा, मोठा, मोठ्या माणसासारखा. बाहेरची हलगी थांबली. टोळी निघून गेली.
अर्धा तास रडली. यमुना तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि स्वतःही रडत होती.
मी परसात गेलो. मला ऐकवेना. दोन महिने ज्याची वाट पाहिली ते ऐकवेना. अक्काला हे कसं ऐकवलं असतं, हे तेव्हा थोडं कळलं.

३० मार्च
आता प्रत्येक आवाजाला रडते. भांडं पडलं, रडणं. इंजन, रडणं. शेजारीण वैतागली. "काय करून ठिवलं पोरीला? शहाणी व्हती." घास मात्र रडणं थांबलं की गिळते. मांडीवर थोडं मांस आलं आहे.
रात्री ओरडून उठते. भीती गेलेली नाही. बाहेर आली आहे, इतकंच.

८ एप्रिल
गंगाखेडहून कार्ड. अक्कानं कोणाकडून तरी लिहवून घेतलं आहे. तब्येत बरी आहे. मावशी नदीवर सोबत येतात. शेजारच्या घरी तान्हं मूल आहे, ते रडतं तेव्हा ती गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहते. खाली एकच ओळ: चिमी रडते का? रडली तर रडू द्यावी.
यमुनाला वाचून दाखवलं. "परत वाचा," म्हणाली. परत वाचलं. मग सूप घेऊन निवडायला बसली. बराच वेळ खडे काढत होती, एकही सापडत नव्हता.
"तिथं त्यांना जेवायला कोण वाढतं?" एवढं विचारलं.


९ एप्रिल
उत्तर लिहायला बसलो. "ती. गं. भा. अक्कास नारायणाचा सा. न. वि. वि. चिमी रडते." इथवर लिहिलं. पुढं तू ये लिहायचं की येऊ नको, हे एकट्यानं ठरवायचं नाही. गेल्या खेपेला यमुनाला न सांगायचं एकट्यानंच ठरवलं होतं, त्याच्याही आधी वऱ्हाडात जाताना.
यमुनाला विचारलं. ती चिमीला न्हाऊ घालत होती. वर पाहिलं नाही. म्हणाली, "कार्ड ऱ्हाऊ द्या आज. मला इचार करू द्या."
कार्ड टेबलावर आहे. शाई वाळली.