समोरच्या दारावरची पाटी

पाटीवाले साहेब,

परदेशातल्या वर्णभेदाविरुद्ध लढणारे लोक आपल्या शहरात जिथे जिथे लपले, त्या घरांवर तुम्ही पाट्या लावताय. छान! पण आमच्या गल्लीतली पाटी भलत्याच घरावर लागलीय. त्यांच्यातले चौघे आमच्या माळ्यावर राहिले. माझी शिंपीण आई त्यांचे शर्ट शिवायची. समोरच्यांनी त्यांना दारातूनच हाकललं, आणि आता तेच पर्यटकांना आठवणी सांगतात! मी ऑफिसात खेटे घालून दमले. तुमचा कारकून म्हणतो, "ताई, घर नंबर जुळतोय ना?" अहो, नंबर नंतर बदलले!

इतकं लिहून आईला वाचून दाखवलं. सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "नको पाठवूस. त्या दारावर तेव्हा 'काळ्यांना खोली मिळणार नाही' अशी पाटी होती. नव्या पाटीनं निदान तिच्या खिळ्यांची भोकं तरी झाकली."

बिनपाटीच्या घरातली,
शिंपिणीची लेक