लीड की लेड

दि. ४ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र बरं चाललेलं नाही, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाही.

आमच्या खेळण्यांच्या कारखान्यात मी रंग तपासते, तुला माहीतच आहे. नव्या निळ्या रंगात शिसं निघालं, मर्यादेच्या चौपट. सोमवारच्या बैठकीत मी उभं राहून इंग्रजी अहवाल वाचला. रंगात ‘लीड’ सापडलं असं मी म्हणाले. आमचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे पाठीमागे टायवाले म्हणतात, त्यांनी विचारलं की रंगाच्या डब्यात पुढारी कधी शिरला. मग म्हणाले की बाई, शिशाला लेड म्हणतात, रसायनं नंतर, आधी मुळाक्षरं गिरवा. सगळे हसले. मीही हसले, त्याचाच जास्त संताप येतो. त्या हसण्यात अहवाल वाहून गेला, कुणी आकडासुद्धा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी मला प्रयोगशाळेतून उचलून पॅकिंगला बसवलं. आता येताजाता मी ‘लीडबाई’.

हा शब्द मला तूच शिकवलास ना? मग तो दोन तोंडांचा आहे हे का नाही सांगितलंस? मला या माणसावर सूड उगवायचाय. शांत हो असं लिहिणार असशील तर शाई वाया घालवू नकोस.

लोभ आहेच, या वेळी साथही दे.

तुझी
बारकी


दि. ९ मार्च

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

चूक माझी. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा. एकतीस वर्षं शब्द डोळ्यांनी वाचले, कानांवर फारसे पडले नाहीत. काल मोठा कोश काढून बसलो. लीड म्हणजे पुढे नेणं, शर्यतीतली आघाडी, नाटकातली मुख्य भूमिका, कुत्र्याच्या गळ्यातली दोरी, विजेची वायर. त्याच अक्षरांचा लेड म्हणजे शिसं. पेन्सिलीतल्या काळ्या कांडीलाही लेडच म्हणतात, आणि तिच्यात शिसं औषधालाही नसतं. वर ‘पुढे नेलं’ या भूतकाळाचा उच्चारही लेडच, पण त्यात एक अक्षर कमी. भलेभले तिथे आपटतात. तुझे टायवालेही कधीतरी आपटतील.

शांत हो म्हणत नाही. माझ्या बहिणीला हसलेला माणूस मलाही डोळ्यांसमोर नको. फक्त अहवालाची प्रत जपून ठेव. वहिनीचा सल्ला असा, की त्याचा टाय पॅकिंगच्या खोक्यात घालून टेप मारावी.

रागातही जेवत जा.

तुझा
दादा


दि. १९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

टायवाले आपटले, आणि त्याच शब्दावर.

मी तपासलेला निळा खुळखुळा प्रयोगशाळेत तसाच पडून होता. त्याला मी इंग्रजीत चिठ्ठी बांधली होती, ‘लेड सॅम्पल’, म्हणजे शिशाचा नमुना. काल एक मोठे खरेदीदार आले. टायवाले स्वतः धावत नमुना आणायला गेले, चिठ्ठी वाचली आणि खूश होऊन सगळ्यांना सांगत आले की हा बघा लीड सॅम्पल, आपला मुख्य नमुना. चिठ्ठी काढून टाकून त्यांनी तो माझ्याच हातात दिला आणि लीडबाईंनी नीट बांधावा म्हणाले.

मी नीट बांधला. एक शब्द बोलले नाही. आता खरेदीदारांच्या तपासणीत शिसं निघेल आणि टायवाल्यांची गच्छंती होईल. कित्येक दिवसांनी काल शांत झोपले.

तू खूश होशील म्हणून लगेच कळवते.

तुझी
बारकी


दि. २२ मार्च

चि. बारकीस, आशीर्वाद.

पत्र वाचून मी मोठ्यांदा हसलो. वहिनी हसली नाही. तिने एवढंच विचारलं, की तो तपासणीलाच जाईल असं कुणी सांगितलं? खुळखुळा आहे तो. ज्याच्या घरी तान्हं मूल आहे तो आधी घरीच नेईल. मी लगेच लिहायला बसलो.

फोन करावा तर तुमच्याकडचा एकुलता एक फोन टायवाल्यांच्या टेबलावर. म्हणून जलद टपालाने पाठवतोय. हातातलं काम टाक आणि खरेदीदारांकडे जा. सूड सोड म्हणत नाही, पण तो एखाद्या बाळाच्या तोंडातून नको. तुला चढवणाऱ्यांत मीही होतो, हे विसरलेलो नाही.

पोचल्याचं कळव, तोवर इथे कुणाला चैन नाही.

दादा


दि. २९ मार्च

ती. दादास आणि सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

वहिनीचं खरं निघालं. पत्र मिळालं तशी ॲप्रन न काढताच गेले. खुळखुळा खरेदीदारांच्या आठ महिन्यांच्या नातीकडे होता. तिला दात येताहेत, दिवसभर तोच चावत होती. त्यांनी माझ्यासमोर घरी फोन लावून सुनेला तो काढून घ्यायला सांगितलं. रिसीव्हरमधून मुलीचं रडणं मला ऐकू आलं.

अहवालाची प्रत दिली, सगळं सांगितलं. आठवडाभर गप्प का राहिलात, असं त्यांनी विचारलं. सूड म्हणून, असं मी म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मुलीचं रक्त तपासलं. सध्या धोका नाही, महिन्याने पुन्हा बघायचंय.

परवा खरेदीदार कारखान्यात आले. मालकांसमोर टायवाल्यांना विचारलं, चिठ्ठीवर काय होतं. टायवाले लीड म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना कळलं. मग खरेदीदारांनी मला तोच अहवाल वाचायला लावला. मी लेड म्हणाले, आकडा दोनदा वाचला. निळ्या रंगाची पिंपं सील झाली आणि संध्याकाळी टायवाल्यांनी टेबल रिकामं केलं. जाताना माझ्यापाशी थांबले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी मान वर केली नाही. त्यांच्याबद्दल मला रतीभरही वाईट वाटत नाही, तुमच्यापासून कशाला लपवू?

प्रयोगशाळा मला परत देऊ केली आहे. मी महिनाभर थांबा म्हटलं. त्या मुलीची दुसरी तपासणी होईपर्यंत मला कुठल्याही कागदावर सही करवणार नाही.

तोवर तुमचा लोभ मागायलाही जीभ रेटत नाही.

बारकी